सांध्यावरचा हिशेब : ऑलिव्हर हेविसाइड

एमआरआयच्या बोगद्यात रुग्ण निजलेला असतो, तेव्हा त्याच्या डोक्याभोवती किंवा गुडघ्याभोवती बसवलेली कॉइल शरीरातून येणारा अत्यंत क्षीण रेडिओ संदेश टिपत असते. १.५ टेस्लाच्या यंत्रात हा संदेश सुमारे ६४ मेगाहर्ट्झचा असतो. तो पुढे जातो कोॲक्सियल केबलमधून. मधोमध तांब्याची तार, भोवती प्लास्टिक आणि त्यावर तारांची जाळी, अशी ही केबल. छतावरच्या डिशपासून टीव्हीपर्यंत येते तीच. तिला सर्किट बोर्डाशी जोडणारा कनेक्टर बोटाच्या पेराहूनही लहान असतो. पण तो नीट आखलेला नसेल, तर संदेशाचा काही भाग सांध्यावरूनच माघारी वळतो. किती वळतो, याचे गणित बसवणाऱ्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी कधी कॉलेजचे तोंड पाहिले नाही आणि वयाच्या २४ व्या वर्षानंतर कधी नोकरी केली नाही.

१८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डेन टाउनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लाकडावर चित्रे कोरणारे कारागीर. घरात पैशांची कायम ओढाताण. लहानपणीच ऑलिव्हरला स्कार्लेट फीवर झाला. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा हा आजार आज प्रतिजैविकांनी बरा होतो. त्या काळी औषध नव्हते आणि संसर्ग कानापर्यंत गेला की ऐकू येणे कमी होई. ऑलिव्हरचे तेच झाले. पुढे ऐकणे थोडे सुधारले, पण बरोबरीच्या मुलांत न मिसळण्याची सवय जडली ती जडलीच.

मावशीचे यजमान मात्र मोठे होते. ते म्हणजे तारयंत्राच्या शोधात ज्यांचे नाव घेतले जाते, ते चार्ल्स व्हीटस्टन. त्यांच्याकडे पाहून ऑलिव्हर तारखात्याकडे वळले. डेन्मार्क आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल यांना जोडणारी समुद्राखालची केबल चालवणाऱ्या कंपनीत ते कामाला लागले. तिथे त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. एकाच केबलमधून एका दिशेने संदेश भरभर जात, उलट दिशेने मात्र सावकाश. तार तीच, बॅटऱ्याही तशाच, मग फरक कुठून येतो? केबलच्या दोन टोकांना काय जोडले आहे यावरही वेग अवलंबून असतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय याचे उत्तर मिळत नव्हते. १८७४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी एका खोलीत बसून ते मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकत्वावरचा ग्रंथ वाचू लागले.

१८८० मध्ये त्यांनी एक पेटंट घेतले. शेजारून जाणाऱ्या तारांचे संदेश एकमेकांत मिसळतात. तर जाणारी आणि परतणारी तार शेजारी ठेवण्याऐवजी एकीच्या पोटात दुसरी ठेवावी, अशी ती कल्पना. कोॲक्सियल केबलचे हे पहिले पेटंट. त्यातून हेविसाइड यांच्या हाती काही लागले नाही.

खरे मोल होते त्यांच्या गणिताला. तार म्हणजे नुसता विद्युतरोध नव्हे. तिच्या प्रत्येक इंचाला इंडक्टन्स आहे, कपॅसिटन्स आहे, थोडी गळतीही आहे. या सगळ्यांचा एकत्र विचार केला की तारेतून लाट कशी धावते ते कळते. वाटेतल्या अडथळ्याचे माप सांगायला १८८६ मध्ये त्यांनी इम्पिडन्स हा शब्द बनवला. जाड दोरी बारीक दोरीला बांधून एका टोकाला झटका द्या. गाठीपाशी लाटेचा काही भाग पुढे जातो, काही परत येतो. केबलचेही तसेच. ५० ओहमच्या केबलला ७५ ओहमचा भाग जोडला, तर व्होल्टेजचा पाचवा हिस्सा आणि शक्तीचे ४ टक्के माघारी फिरतात. दोन्हीकडचे इम्पिडन्स सारखे असेल, तर काहीच परतत नाही.

सर्किट बोर्डावरचा कनेक्टर आखणाऱ्याची सारी धडपड यासाठीच असते. केबल गोल, बोर्डावरची तांब्याची पट्टी चपटी. केबलचे इम्पिडन्स आतल्या तारेचा आणि बाहेरच्या वेष्टनाचा व्यास यांच्या प्रमाणावर आणि मधल्या प्लास्टिकवर ठरते. पट्टीचे तिची रुंदी आणि खालच्या तांब्यापासूनचे अंतर यांवर. १.६ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या फायबरग्लास बोर्डावर ५० ओहमसाठी पट्टी सुमारे ३ मिलिमीटर रुंद लागते. पातळ थरांच्या बोर्डावर ती खूपच अरुंद होते आणि खरी पंचाईत तिथे असते. कनेक्टरची पिन सोल्डर करायला रुंद जागा हवी, पण पट्टी एकदम रुंदावली की खालच्या तांब्याशी तिचे कपॅसिटन्स वाढते आणि नेमके त्या जागी इम्पिडन्स घसरते. म्हणून पिनेखालचे तांबे मुद्दाम कापून काढतात आणि जमिनीशी जोडणारे पाय पिनेच्या अगदी लगत आणतात. गिगाहर्ट्झच्या कामात एकदोन मिलिमीटरही महागात पडतात.

हेविसाइड यांना हे शहाणपण महागात पडले ते वेगळ्याच कारणाने. १८८७ मध्ये त्यांनी आणि भाऊ आर्थर यांनी लिहिलेल्या लेखाचा निष्कर्ष असा होता, की टेलिफोनच्या तारेत इंडक्टन्स वाढवले, तर दूरवरचा आवाज फाटणार नाही. ब्रिटिश पोस्ट खात्याचे विद्युत अभियंता विल्यम प्रीस यांचे मत बरोबर उलटे होते. आर्थर त्याच खात्यात नोकरीला. प्रीस यांनी लेख छापू दिला नाही. गणित न येणाऱ्या अधिकाऱ्याने गणित नाकारावे यात नवल नाही, पण यामुळे ब्रिटनमधला टेलिफोन मागे पडला. पुढे अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी तारेत ठरावीक अंतरावर कॉइल बसवण्याचे पेटंट मिळवले आणि भरपूर पैसा कमावला.

मॅक्सवेल यांची लांबलचक समीकरणे आज विद्यार्थी चार ओळींत लिहितात, तीही मुख्यत्वे हेविसाइड यांचीच कामगिरी. १८९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तिने देऊ केलेली मदत त्यांनी भीक समजून नाकारली. १८९६ मध्ये मित्रांनी खटपट करून मिळवून दिलेले वर्षाला १२० पौंडांचे सरकारी मानधन तेवढे घेतले. म्हातारपणी ते टॉर्कीत एकटेच राहत. घरात खुर्च्या-टेबलांच्या जागी ग्रॅनाइटचे दगड होते. १९२२ मध्ये पहिले फॅरडे पदक त्यांना जाहीर झाले, तेव्हा ते द्यायला विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष स्वतः टॉर्कीला गेले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हेविसाइड वारले. ३१ वर्षांनी, १९५६ मध्ये, अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. एका वेळी ३६ संभाषणे नेणारी ती केबल कोॲक्सियल होती आणि तिचे पूर्वेकडचे टोक ब्रिटनमध्येच, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर होते.