दरबार सोडून पलुस्करांनी तिकिटावर गाणं उभं केलं, पण कर्जात इमारत गेली

गांधीजींच्या प्रार्थनेतली रामधून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलीये. तिच्या चालीचं श्रेय दिलं जातं पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांना. पण याच माणसाने आणखी एक मोठा प्रश्न अंगावर घेतला होता. राजा नसेल तर गाण्याचा खर्च कोण करणार?

१८७२ साली कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आणलं आणि तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली. आधार मिरज संस्थानचा.

तेव्हाचा हिशोब सरळ होता. संस्थानिक पोसणार, गवई गाणार. मर्जी गेली की भाकरी गेली. आणि साध्या घरांत तर पोराने गाणं शिकणं म्हणजे पोरगं वाया जाणं.

१८९६ साली पलुस्करांनी मिरज सोडली. फिरत फिरत काठियावाडात पोहोचले आणि तिकीट लावून जाहीर मैफल केली. म्हणजे एका धन्याच्या जागी शेकडो श्रोते आले.

५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पैसा यायचा फी, देणग्या आणि मैफलींमधून. गाणं कागदावर यावं म्हणून त्यांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली. भक्तिपर पदांवर भर दिला, त्यामुळे घरंदाज कुटुंबांचा विरोध मावळत गेला. निवडक शिष्यांना जवळ ठेवून शिक्षक म्हणून तयार केलं.

१९०८ मध्ये शाळा मुंबईत आली. जम बसला आणि स्वतःची मोठी इमारत उभी राहिली, पण कर्ज काढून. गणित इथेच फसलं. मैफल ठरली तरच पैसा येणार, व्याज मात्र थांबत नव्हतं. पलुस्कर दौऱ्यांवर दौरे करत राहिले, तरी कर्ज फिटेना. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. ज्या शाळेसाठी आयुष्य घातलं तिचं छप्परच गेलं. पुढे ते नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत वारले.

मग सगळं बुडालं का? तर नाही. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे शिष्य तयार होते. त्यांची गावं वेगळी होती, पण शिकवायची पद्धत एकाच मुशीतली. १९३१ च्या अखेरीस शिष्यांनी अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. एका इमारतीत शाळा चालवण्याऐवजी गावोगावच्या वर्गांना एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा दिली.

तुमच्या ओळखीत कुणी गाण्याची 'विशारद' परीक्षा दिली असेल, तर त्यांचं प्रमाणपत्र एकदा बघा. त्यावर बहुतेक याच मंडळाचं नाव सापडेल.