मैल्यातून इंधन : अप्पासाहेब पटवर्धन

अपारंपरिक ऊर्जा म्हटली की जळगाव-धुळ्याच्या हायस्कुलातील मुलांना साक्रीकडच्या पवनचक्क्या आठवतात. संडासातूनही इंधन मिळते, हे शिकवताना ‘कोकण गांधी’ अप्पासाहेब पटवर्धनांचे चरित्र सांगायला हवे.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ चा. पुण्यातील प्राध्यापकी सोडून ते गांधीजींच्या कामात गेले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला सफाईचे काम स्वतःसाठी मागितले. ते जातीने ठरलेले काम म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपोषण केले. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला.

१९४८ मध्ये त्यांनी कणकवलीत गोपुरी आश्रम उभारला. कुणालाच मैला डोक्यावरून वाहावा लागू नये, असे संडास, खत आणि गॅस यांवर त्यांनी काम केले. मैला व शेण हवाबंद टाकीत कुजले की जिवाणू मिथेन वायू तयार करतात. तो चुलीत जळतो, धूर होत नाही. मैला उघड्यावर न पडल्याने हगवण, विषमज्वर व हुकवर्ममुळे होणारा रक्तक्षय यांना आळा बसतो. टाकीतील मळी खत म्हणून उपयोगी. मात्र तिच्यात जंतांची अंडी टिकू शकतात, म्हणून ती पूर्ण कुजवूनच वापरावी.

अप्पासाहेब १९७१ मध्ये गेले. देहूतील स्वच्छता प्रशिक्षण संस्थेला त्यांचे नाव आहे. आजही मैल्याच्या टाक्यांत उतरून सफाई कामगार गुदमरून मरतात. मिथेनच्या धड्यात मुलांना हेही कळायला हवे.