होमी भाभा आणि आमच्या खाडीतला जवळा

मी गव्हाणचा. आमच्याकडे जवळ्याशिवाय आठवडा जात नाही. जवळच्या न्हाव्याला खाडीकाठी उभं राहिलं की पलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी होमी भाभांनी अणुभट्ट्या उभारल्या. मग आपल्या मासळीचं काय, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा.

भाभांचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. घरच्यांच्या इच्छेखातर केंब्रिजला इंजिनिअरिंग केलं, पण जीव रमला भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीवर आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र सुरू झालं आणि ऑगस्ट १९५६ मध्ये अप्सरा ही देशातली पहिली अणुभट्टी चालू झाली.

त्याच १९५४ मध्ये, १ मार्चला, अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्सारी राख समुद्रात पडली. जपानी संशोधकांनी तिथे जाऊन तपासलं, तर पाण्यापेक्षा प्लवकांत किरणोत्सार हजारो पट जास्त!

असं का होतं? प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे इवलेसे जीव. वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग खूप मोठा, म्हणून सिरियम, प्लुटोनियम अंगाला चिकटतात. जस्त आणि लोह तर जीवाला हवंच असतं. ते किरणोत्सारी आहे हे त्याला कळत नाही. रोजचे गुड मॉर्निंगचे फोटो साठून फोन भरतो ना, तसंच. सीझियम मात्र पाण्यात विरघळून राहतं, प्लवकांत फार साठत नाही. प्लवक जवळा खातो, जवळा मासे खातात, आणि दोन्ही आपण.

१९५६ मध्ये दौलतसिंह कोठारींनी अणुस्फोटांच्या परिणामांवर पुस्तक तयार केलं. त्यात भाभा आणि डॉ. वसंत खानोलकरांची मदत होती. १९६१ मध्ये ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या समुद्रात कोणता किरणोत्सारी पदार्थ जास्तीत जास्त किती चालेल, याचा हिशोब मांडला. अशा हिशोबात तीन गोष्टी लागतात: पाण्यात किती आहे, मासळीत किती पट साठतं, आणि माणूस रोज किती मासळी खातो. म्हणजे आमच्यासारख्या रोज मासळी खाणाऱ्या घरांसाठी मर्यादा जास्त कडक हवी.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले. वय फक्त ५६. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं.

तेव्हा मित्रांनो, समुद्रातल्या किरणोत्साराचा आकडा व्हॉट्सॲपवर आला की फॉरवर्ड करण्याआधी एकच विचारा: हा आकडा पाण्याचा, प्लवकांचा की मासळीचा?