चरित्र परिचय : वाँग किम आर्क



या सदरातून आम्ही आजवर राजे, संत, शास्त्रज्ञ अशा थोरांची ओळख करून दिली. या वेळचे आमचे चरित्रनायक स्वयंपाक्याचे काम करून पोट भरणारे एक साधे गृहस्थ होते. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, की चळवळ उभारली नाही. तरीही अमेरिकेत कायदा शिकणाऱ्याला त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील, तर तेथे जन्मणाऱ्या बाळाला नागरिक मानू नये, असा तो आदेश होता. खालच्या न्यायालयांनी तो अडवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीसाठी घेतले. या साऱ्या वादात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या स्वयंपाक्याचे नाव पुन्हा पुन्हा घेतले गेले. आपल्यापैकी कित्येकांची मुले, सुना, नातवंडे तिकडे आहेत, म्हणून हे चरित्र आम्ही मुद्दाम निवडले.

वाँग यांचा जन्म १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरातील चिनी वस्तीत झाला. आईवडील चीनमधून येऊन तेथे दुकानदारी करीत. किती वर्षे राहिले तरी त्यांना अमेरिकेचे नागरिक होता येत नव्हते, कारण चिनी माणसाला अर्ज करून नागरिकत्व मिळवण्याची सोयच कायद्यात नव्हती. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येण्याचीच बंदी झाली. पुढे आईवडील मायदेशी परतले. वाँग मात्र सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले. ते त्यांचे गाव होते.

त्यांचे लग्न चीनमध्ये झाले आणि बायको तिकडेच राहिली. १८९० मध्ये ते चीनहून परतले, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना नागरिक म्हणून विनातक्रार आत घेतले. १८९४ मध्ये पुन्हा जाताना त्यांनी खबरदारी म्हणून आपला जन्म येथलाच आहे असा कागद केला आणि त्यावर गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. त्यांना पुढचे दिसत असावे, असे आम्हाला वाटते.

ऑगस्ट १८९५ मध्ये ‘कोप्टिक’ या आगबोटीने ते परत आले. बंदरातील जकात अधिकाऱ्याने त्यांना उतरूच दिले नाही. जन्म येथे झाला हे त्याला नाकारायचे नव्हते. आईवडील चिनी बादशहाचे प्रजाजन, म्हणून मुलगाही चिनीच, एवढेच त्याचे म्हणणे. मग एका बोटीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असे सुमारे चार-पाच महिने वाँग खाडीत अडकून पडले. जन्मगाव डोळ्यांसमोर दिसत होते, पण पाय टेकता येत नव्हता. चिनी समाजाच्या संघटनेने वकील दिला. जानेवारी १८९६ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते २५० डॉलरच्या जामिनावर सुटले. सरकार वरच्या कोर्टात गेले.

वाद कशाचा होता, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. गुलामगिरी संपल्यावर, १८६८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली. त्या भूमीवर जन्मलेला आणि तेथील कायद्याच्या अधिकाराखाली असलेला प्रत्येक जण नागरिक, असा तिचा आशय. परदेशी नागरिकांची मुले या अधिकाराखाली येतच नाहीत, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळले. निकाल न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिला. जो माणूस त्या देशात राहतो तो तेथील कायदा पाळायला बांधलेला असतो; अपवाद परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्यांची मुले, शत्रुसैन्याच्या ताब्यातील प्रदेशात शत्रूला झालेली मुले अशा मोजक्यांचा. आणि चिनी मुलाला वगळायचे, तर इंग्रज, आयरिश, जर्मन आईबापांच्या मुलांनाही वगळावे लागेल, ही अडचणही न्यायालयाने दाखवली. आमच्या मते सरकारला खरा अडसर याच मुद्द्याचा झाला असावा.

या निकालाचा फायदा पुढे आपल्या लोकांनाही झाला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना अर्जाने नागरिकत्व मिळण्याचा मार्ग बंद झाला, तो १९४६ पर्यंत उघडला नाही. पण त्या काळातही तेथे जन्मलेले भारतीय मूल जन्मतःच नागरिक असे. बापाला जे मिळत नव्हते, ते पाळण्यातल्या लेकराला मिळत होते.

खटला जिंकल्यावर वाँग सुखात राहिले असतील, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. १९०१ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे त्यांना बेकायदा चिनी म्हणून अटक झाली. ज्याच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्यालाच पुन्हा जामीन भरून आपण कोण ते सिद्ध करावे लागले! १९१० मध्ये चीनमध्ये जन्मलेला थोरला मुलगा आला. नागरिकाचा मुलगा म्हणून त्याचाही हक्क होता. त्या काळी अशा मुलांना गावात घरे किती, तांदळाचा हंडा कुठे असतो असे शेकडो प्रश्न विचारीत आणि बापाची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहत. उत्तरे जुळली नाहीत. मुलाला परत पाठवले. धाकट्या तिघांना मात्र १९२४ ते १९२६ या काळात प्रवेश मिळाला. त्यांतला सर्वांत धाकटा अकरा वर्षांचा असताना आला, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकेच्या नौदलात नोकरी केली.

१९३१ मध्ये वाँग पुन्हा चीनला निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी परत येण्याच्या परवानगीचा अर्ज, नेहमीप्रमाणे, रीतसर भरला होता. तो कागद वापरण्याची वेळ आली नाही. महायुद्ध संपल्यावर थोड्याच काळात चीनमध्ये त्यांचे निधन झाले.