नरसीचे नामदेव

औंढ्याहून नांदेडास जाणारा रस्ता आपल्या वसमतेवरून जातो. त्याच्या दोन्ही टोकांशीं ज्या एका थोर पुरुषाचें नातें आहे, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी बामणी येथें, परंपरेप्रमाणें १२७० सालीं, दामाशेटी शिंपी व गोणाई यांच्या पोटीं नामदेवांचा जन्म झाला. पुढें त्यांचें आयुष्य पंढरपुरीं गेलें. विठ्ठलावांचून त्यांना दुसरें कांहीं सुचत नसे. ही भक्ति खरी होती; पण ती एका मूर्तीपुरती होती आणि तिला थोडा अभिमानहि चिकटला होता.

संतांच्या मेळ्यांत गोरोबा कुंभारांनीं मडकीं घडविण्याच्या थापटण्यानें सर्वांचीं डोकीं ठोकून पाहिलीं, ही कथा मुलांना ठाऊक असेलच. इतर संत स्वस्थ बसले. नामदेव मात्र रागावले, आणि तें मडकें कच्चें ठरलें. तक्रार घेऊन ते विठ्ठलाकडे गेले, तर त्यानेंहि त्यांना गुरु करण्यास सांगितलें. तेव्हां ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले. पाहतात तों, विसोबा नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनीं हटकतांच, जेथें देव नसेल तेथें आपले पाय उचलून ठेवावे, असें त्या वृद्धानें सुचविलें. ते पाय जिकडे नेले तिकडे पिंड दिसूं लागली. चमत्कार कोणी मानो वा न मानो; देव सर्वत्र असेल तर त्याला एका गाभाऱ्यांत कां कोंडावें, हा प्रश्न कथेबरोबर संपत नाहीं. आमच्या मतें येथें गुरूच्या युक्तीपेक्षां शिष्याचें धैर्य मोठें आहे. थोर भक्त म्हणून नांव झाल्यावर पुनः धुळाक्षरें गिरविण्यास बसणें सोपें नव्हे.

त्याच सुमारास यूरोपांत डांटे (१२६५–१३२१) लॅटिन बाजूस ठेवून इटलीच्या लोकभाषेंत महाकाव्य रचीत होता, आणि जर्मनींतील एकहार्ट हा देव आत्म्यांत शोधावा असें सामान्य जनांस त्यांच्याच भाषेंत शिकवून धर्मपीठाच्या रोषास पात्र झाला होता. यांपैकीं कोणासहि नामदेवांचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

१२९६ मध्यें ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले व पंजाबांत घुमान येथें राहिले, अशी परंपरा आहे. तिकडे त्यांनीं त्या लोकांच्या बोलींत पदें केलीं. हलक्या जातीचा म्हणून आपणांस देवळांतून उठविलें, ही व्यथा त्यांतील एका पदांत आहे. देऊळच मग त्यांच्याकडे फिरलें, असेंहि त्यांत वर्णिलें आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखामेळा १३३८ मध्यें दगावले, तेव्हां ज्यांना जिवंतपणीं राउळांत प्रवेश नव्हता त्यांच्या अस्थि नामदेवांनीं पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधि दिली, असें वारकरी सांगतात. १३५० मध्यें नामदेवहि त्याच महाद्वारीं पायरीखालीं विसावले.

त्यांचीं पदें मात्र चालतच राहिलीं. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ मध्यें शीखांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंहांनीं त्याच ग्रंथास गुरुपद दिलें, तें गोदावरीच्या तीरीं, नांदेड येथें. नरसीच्या शिंप्याची वाणी अशी पंजाबांतून फिरून पुनः आपल्या शेजारीं आली, आणि नांदेडच्या गुरुद्वारांत तो ग्रंथ आजहि रोज वाचला जातो.