रोनाल्ड रॉस आणि डासांचे गणित

मलेरिया डासांमुळे पसरतो हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ते सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस यांचे नावही आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. परंतु मी गणिताची विद्यार्थिनी असल्यामुळे मला त्यांचे दुसरे कार्य अधिक मोलाचे वाटते. त्याची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील हिंदी लष्करात अधिकारी होते. रॉस यांचा ओढा कलेकडे व काव्याकडे. पण वडिलांच्या आग्रहाखातर ते डॉक्टर झाले आणि १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. नोकरी सांभाळून ते कविता लिहीत आणि स्वतःच्या स्वतः गणिताचे ग्रंथ अभ्यासीत. आपल्या बंगळूरलाही त्यांची नेमणूक झाली होती.

१८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रक्तातील मलेरियाचे जंतू दाखविले आणि त्यांना एकच ध्यास लागला. सिकंदराबादेत हुसेन खान नावाच्या रुग्णाने डासामागे एक आणा घेऊन डास चावू दिले. त्यांपैकी एका डासाच्या जठरात २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना जंतू वाढताना दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता डास कमी करा, असे रॉस सांगू लागले. पण सगळे डास कोण मारणार? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ पासून तसा प्रयत्न झाला, तरी ताप हटला नाही. तेव्हा हा मार्गच निरुपयोगी, असे काही अधिकारी डॉक्टर म्हणू लागले. येथे रॉस यांनी गणित हाती घेतले. मॉरिशसवरील १९०८ च्या अहवालात आणि पुढे मलेरिया-प्रतिबंधावरील ग्रंथात त्यांनी समीकरणे मांडली.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे. डासाने रुग्णाला चावले पाहिजे, जंतू पक्व होईपर्यंत काही दिवस जगले पाहिजे आणि मग निरोगी माणसाला चावले पाहिजे. फार थोड्या डासांना हे साधते. म्हणून दर माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली, की रोग आपोआप ओसरतो. समजा, शंभर रुग्णांमागे नवे ऐंशीच होतात. त्यांच्यामागे चौसष्ट, मग एक्कावन्न. दहाव्या फेरीला दहा-अकराच उरतात. म्हणजे शेवटचा डास मारण्याची गरजच नाही!

१६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस लंडनमध्ये निवर्तले. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी त्यांची समीकरणे पुढे नेली. हीच विचारपद्धती शरीराच्या आतही लागू पडली. १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो, ॲलन पेरेल्सन आदी संशोधकांनी एचआयव्हीचे विषाणू शरीरात रोज अब्जावधी जन्मतात व मरतात, असा हिशेब मांडला. एवढ्या पैदाशीत एका औषधाला दाद न देणारा विषाणू निपजणारच. म्हणून अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचाराला या हिशेबाने बळ दिले.

गणित पोटापाण्याच्या काय कामाचे, असे माझे मित्र नेहमी विचारतात. अशक्य वाटणारे काम नेमके किती केले म्हणजे पुरे, हे गणित सांगते. रॉस यांच्याकडून मी एवढे शिकले.