काचेचा मांडव आणि एक माळी

धारणीकडे लग्नाचा मांडव टाकायला इंजिनिअर बोलवत नाहीत. बांबू येतात, सुतळी येते, वर टाकायला हिरव्या डहाळ्या येतात आणि चार माणसं दिवसभरात सावली उभी करतात. लग्न झालं की गाठी सोडायच्या आणि तेच बांबू पुढच्या घरी. शहरात याच कल्पनेला आता गझिबो म्हणतात. तो खोक्यात सुट्या भागांत मिळतो. खांब, पट्ट्या, नट-बोल्ट आणि एक आकृतीचा कागद. एक भोक जरी चुकीच्या जागी पडलेलं असेल तर छप्पर बसत नाही. म्हणजे किट जोडणाऱ्याची परीक्षा नंतर, आधी किट बनवणाऱ्याची.

मित्रांनो, या परीक्षेत जगात पहिला आलेला माणूस इंजिनिअर नव्हताच. तो माळी होता. नाव जोसेफ पॅक्स्टन.

१८०३ साली इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. सातवा मुलगा. शिक्षण बेताचंच. लंडनजवळ चिझिकच्या बागेत नोकरी मिळावी म्हणून पठ्ठ्याने आपलं वय दोन वर्षं वाढवून सांगितलं! ही जागा डेव्हनशायरच्या ड्यूकची होती. बागेत फिरता फिरता ड्यूकची या पोराशी ओळख झाली आणि १८२६ मध्ये त्याने त्याला चॅट्सवर्थच्या आपल्या प्रचंड बागेचा मुख्य माळीच करून टाकलं. तेव्हा पॅक्स्टनला तेविसावं चालू होतं, म्हणजे आपल्यातल्या काही सीनियर्सएवढा! तो पहाटे साडेचारला तिथे पोचला, फाटक बंद म्हणून भिंतीवरून चढून आत गेला, बाग पाहिली, माणसांना कामाला लावलं आणि मग नाश्त्याला गेला. तिथेच घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंची भाची सारा भेटली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. पॅक्स्टन कामासाठी गावोगावी फिरायचा तेव्हा मागचा हिशोब आणि कारभार साराच सांभाळायची.

आपल्याकडच्या माणसाला त्याची एक ओळख जवळची वाटेल. त्याने चॅट्सवर्थच्या काचघरात केळीचं एक बुटकं झाड वाढवलं आणि १८३५ मध्ये त्याला फूल आणलं. ड्यूकच्या घराण्यावरून त्या जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. जळगावकडची बसराई केळी याच बुटक्या कॅव्हेंडिशची.

पण गरम देशातली झाडं थंड देशात जगवायची तर काचघर पाहिजे. आणि जड लाकडी चौकटी लावल्या की प्रकाश अडतो. म्हणून त्याने छप्पर सपाट न ठेवता नागमोडी घड्यांचं केलं. चौकटीच्या पट्ट्या हाताने कापायला वेळ जातो म्हणून वाफेवर चालणारं मशीन बनवलं. १८४९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या राक्षसी कमळाला त्याने फूल आणलं, जे तोवर इंग्लंडमध्ये कुणाला जमलं नव्हतं. त्याच्या पानावर त्याने आपल्या लहान मुलीला उभं केलं आणि पान बुडालं नाही! पानाखालच्या शिरा एकमेकींना धरून वजन वाटून घेतात हे त्याने पाहिलं आणि त्या कमळासाठी नवं काचघर बांधताना वापरलं.

१८५० मध्ये लंडनला जागतिक प्रदर्शन ठरलं. इमारतीसाठी २४५ आराखडे आले, सगळे नापास. समितीने स्वतःच काढलेल्या आराखड्याला लाखो विटा लागणार होत्या आणि उद्घाटन तर १ मे १८५१ ला. टेन्शन म्हणजे काय ते इथे! जूनमध्ये रेल्वे कंपनीच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पॅक्स्टनने टीपकागदावर एक चित्र काढलं. साधारण नऊ दिवसांत पूर्ण नकाशे तयार. तो टीपकागद लंडनच्या म्युझियममध्ये जपून ठेवला आहे.

युक्ती साधी होती. सगळी इमारत २४ फुटांच्या मापावर. काचेचा प्रत्येक तुकडा ४९ इंच बाय १० इंच. खांब बिडाचे, आतून पोकळ, म्हणजे छपरावरचं पावसाचं पाणी त्यातूनच खाली. सगळे भाग कारखान्यात बनणार, जागेवर फक्त जोडायचे. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे खर्चही आवाक्यात आला. छपरावरच्या पन्हळींतून गाडे सरकवत ८० माणसांनी एका आठवड्यात १८,००० च्या वर काचा बसवल्या. हे सगळं कोसळणार असं म्हणणारेही होतेच. म्हणून सज्जांवर सैनिकांना धप धप चालवून पाहिलं. काही हललं नाही. क्रिस्टल पॅलेस वेळेत उघडला, साठ लाखांच्या वर लोक आले आणि पॅक्स्टनला सर ही पदवी मिळाली. प्रदर्शन संपल्यावर मांडवासारखाच तो सोडवला आणि सिडनहॅमला पुन्हा उभारला, आधीपेक्षा मोठा. पॅक्स्टन १८६५ मध्ये वारला. इमारत १९३६ मध्ये जळाली.

त्या कामावर असलेल्या रोलंड ऑर्डिशने पुढे मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा आराखडा केला. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला आणि १८६७ ते १८६९ मध्ये काळा घोड्याजवळ जोडला. म्हणजे किट आपल्याकडे यायला फार वर्षं लागली नाहीत.

यावरून कुणी म्हणेल, मग डिग्री कशाला? तसं नाही. खांब किती वजन घेईल याचं गणित फॉक्स अँड हेंडरसन कंपनीच्या इंजिनिअरांनी केलं. ते नसतं तर टीपकागद टीपकागदच राहिला असता. पण ज्यांना गणित येत होतं त्यांना माळी सापडला नसता तर ते विटाच मोजत बसले असते. आपल्याकडे अडचण नेमकी इथे आहे. कोणता बांबू कधी तोडायचा, कुठली गाठ वाऱ्याला टिकते, हे मेळघाटातल्या कोरकू कारागिराला माहीत आहे. धारणी तालुक्यात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने हे हात कामाला लावून दाखवले. बांबूवर लोड किती चालेल हे काढायचं मशीन आपल्या लॅबमध्ये आहे. तो आणि आपण एका टेबलाशी बसलेलो नाही, एवढंच. ड्यूकने माळ्याशी बोलायला कमीपणा मानला नाही. आपण तर ड्यूकही नाही.